कौसाबाईंची साक्ष आणि माझी उर्दू

अध्यक्ष महाराज, सन्माननीय सभासदहो, प्रेक्षकांच्या सज्जातल्या जाग्या आणि झोपलेल्या नागरिकांनो — शांतता! देशाच्या, राज्याच्या आणि आमच्या गौलीगुड्याच्या इतिहासात प्रथमच एक अत्यंत गंभीर निवेदन होणार आहे. पंखे बंद करा. ज्यांना खोकायचं असेल त्यांनी आत्ताच खोकून घ्यावं. निवेदन असं, की मी भित्रा आहे.

हसलात? हसा. माणसं हसली की मला बरं वाटतं. सगळी भानगड तिथेच आहे.

पण तुम्हाला म्हणून सांगतो, ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. भावाला नाही, देवासमोर नाही, बायकोला तर नाहीच नाही. ती आत्ता आत भाजी निवडत बसली आहे आणि मी या खोलीचं दार लावून लिहितो आहे. भर उन्हाळ्यात, दार लावून! तिनं बाहेरून विचारलं, "अहो, बरं वाटत नाही का?" मी म्हणालो, भाषण लिहितोय. तिचा विश्वास बसला. माझ्यावर विश्वास पटकन बसतो लोकांचा — आवाज चांगला आहे ना.

माझी ओळख द्यायला हवी. हैदराबादच्या गौलीगुड्यातल्या मराठी मंडळींना विचारलंत तर सांगतील, "मास्तर? अहो, काय किस्से सांगतात!" गणपतीत माझ्याशिवाय पान हलत नाही. लग्नात जेवणावळ उठली की मला खुर्ची मिळते. पण त्याआधी, जेव्हा हैदराबाद हे एक सबंध राज्य होतं — तेलुगू, मराठी, कानडी मुलूख एकाच छपराखाली, आणि वर उर्दूचा गिलावा — तेव्हा मी त्या राज्याच्या विधानसभेत सभासद होतो. आता ते राज्य नकाशावर नाही. आमचा मराठी भाग मुंबईकडे गेला. सगळे सभासद आपापल्या भाषेच्या घरी परतले. मीच तेवढा इथं राहिलो. का राहिलात, असं लोक विचारतात. मी म्हणतो, इराण्याचा चहा सोडवत नाही. ते खोटं आहे. थांबा, येतो तिथं.

निवडून कसा आलो? एका गोष्टीच्या जोरावर. दिल्लीत स्वातंत्र्य आलं तरी आमचं संस्थान अजून वेगळं होतं, आणि हद्दीवर संस्थानचं जकातीचं ठाणं होतं, करोडगिरीचं नाकं म्हणत त्याला. आमच्या भागातल्या पोरांनी ते नाकं जाळलं. आणि त्या पोरांच्या पुढे, हातात पलिता घेऊन, मी होतो. ही गोष्ट मी अशी सांगायचो की विचारू नका! आधी नाक्याच्या दरोग्याचा घोगरा आवाज — "कौन है बे उधर?" मग थोडं थांबायचं. मग माझा आवाज, शांत — "तेरा बाप, हिंदुस्तान!" टाळ्या अशा पडायच्या की झाडावरचे पक्षी उडायचे. बायका पदराला डोळे पुसायच्या. पोरं दुसऱ्या दिवशी गल्लीत दरोगा-मास्तर खेळायची.

आता खरं सांगू?

मी ओढ्यापर्यंत गेलो होतो. ओढ्याच्या अलीकडे. नाकं पलीकडे. पोरं पाण्यात उतरली, मीही धोतर वर खोचलं — आणि पलीकडून एक कुत्रं भुंकलं. एक कुत्रं! दरोगा नाही, बंदूक नाही. पण माझे पाय जे मागे वळले ते थेट बापूसाहेब देशमुखांच्या ओसरीवर जाऊन थांबले. पुढे गेलेल्यांपैकी दोघे गोळीनं पडले, बाकीचे चहूकडे पांगले, काही सापडले. कोण कुठपर्यंत आलं होतं, हे सांगायला कुणी जागेवर उरलं नाही.

बापूसाहेब म्हणजे आमच्या भागातले सगळ्यांत मोठे जमीनदार. गोरे, उंच, बोलणं अगदी मऊ. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. बळदाचं झाकण उचललं आणि म्हणाले, "उतरा, मास्तर." बळद म्हणजे जाड भिंतीत बांधलेलं धान्याचं कोठार. वरून एक तोंड, आत जोंधळ्याच्या वासाचा अंधार. पोलीस कारवाई होऊन भारतीय फौजा येईपर्यंत मी त्या अंधारात होतो. खाणं वरून यायचं, पाणी वरून यायचं. कधी कधी यायला उशीर व्हायचा. मी वर बघत बसायचो. हाक मारायची भीती — बाहेर कुणी ऐकलं तर? आणि न मारायची त्याहून जास्त — विसरले असतील तर? उंदीर अंगावरून जायचे आणि मी रडायचो. हो, चांगला तिशीतला शाळामास्तर, तोंडात उपरणं कोंबून रडायचो.

बाहेर आलो तेव्हा दाढी छातीला टेकलेली, अंगावर हाडं. लोक म्हणाले, बघा बघा, नाकं जाळणारा मास्तर रानावनातून परत आला! मी काही बोललो नाही. शपथेवर सांगतो, पहिल्या दिवशी फक्त बोललो नाही. गोष्ट मी दुसऱ्या दिवसापासून सांगायला लागलो.

आणि बापूसाहेब? माझ्या सभांना यायचे. पुढच्या रांगेत बसायचे. दरोगा बोलला की हसायचे, मी बोललो की टाळी द्यायचे. एका शब्दानं कधी टोकलं नाही. तुम्हाला कुणी ओरडून धमकावलंय का कधी? ते बरं असतं. माणूस ओरडला की निदान कळतं कुठं उभा आहे.

असो. विधानसभेत मी गाजलो. कायद्यातलं मला फार कळत नव्हतं, पण मी उभा राहिलो की चहाला गेलेले सभासद धावत परत यायचे. मोकाट जनावरांच्या कोंडवाड्याच्या दरावर चर्चा होती तेव्हा मी कोंडवाड्यातल्या म्हशीची बाजू मांडली, म्हशीच्याच आवाजात. मंत्री महोदय बाक बडवत होते. दर काही कमी झाला नाही. पण बाहेर व्हरांड्यात तेलंगणाचा एक सभासद मला मिठी मारून म्हणाला, "क्या बात है मास्टरसाब, भैंस भी खुश, हम भी खुश!" आणि मला वाटायचं, झालं की आपलं काम.

मग आला कुळांचा प्रश्न. नवा कायदा झाला होता. जो जमीन कसतो त्या कुळाला मालकानं हुसकून लावायचं नाही. मात्र एक फट ठेवलेली होती. कुळानं आपखुशीनं जमीन सोडली तर ती सुटली. आणि काय सांगू तुम्हाला, गावोगावी आपखुशीची साथच आली! पिढ्यानपिढ्या जमीन कसणारी माणसं एकाएकी खुशीत येऊन जमिनी सोडायला लागली. आरडाओरडा झाला तेव्हा चौकशीसाठी सभासदांची एक समिती नेमली. मराठी भागातले म्हणून मी आणि आणखी एक सभासद, असे दोघे तिच्यात होतो.

समितीची रीत समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कामकाज उर्दूत चाले. अध्यक्ष शहरातले एक वयस्क वकील, आम्ही त्यांना सदरसाहेब म्हणायचो. शेरवानीची सगळी बटणं लावलेली, बोलणं इतकं अदबीचं की साक्षीदार घाबरून उभे राहायचे. त्यांना मराठी येत नव्हतं. दुभाषा नेमलेला नव्हता. जो सभासद ज्या भागातला, त्यानं आपल्या भागातल्या साक्षीदाराचा तर्जुमा करायचा. कोपऱ्यातला लघुलेखक फक्त उर्दू उतरवून घ्यायचा. म्हणजे खेड्यातून आलेला माणूस आपल्या भाषेत काय बोलला, ते हवेत. सभासद काय बोलला, ते दप्तरी. कुणाला यात काही गैर वाटत नव्हतं. आम्ही लोकांचे प्रतिनिधी, आम्ही त्यांचं सांगणार नाही तर कोण?

कौसाबाई आल्या त्या सुनावणीच्या आदल्या दिवशी, नामपल्ली स्टेशनावरून माझ्या घरापर्यंत विचारत विचारत. बरोबर त्यांचा भाऊ. वय असेल चाळिशीचं, पण उन्हानं चेहरा पार रापलेला. बायकोनं त्यांना पिठलं-भाकरी वाढली. दोघींची गट्टी जमायला वेळ लागला नाही — हिचं माहेर त्यांच्याच बाजूचं निघालं. मी आपला झोपाळ्यावर बसून ऐकत होतो, मध्ये मध्ये विनोद करत होतो. जेवण झाल्यावर त्या माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. खुर्ची नको म्हणाल्या.

त्यांनी सांगितलं ते असं. त्यांचा नवरा कूळ. मालकानं जमीन सोड म्हणून लकडा लावला होता, हा सोडत नव्हता. उन्हाळ्यात विहिरीतला गाळ काढायला म्हणून मालकानंच त्याला दोरानं खाली उतरवला. आणि दोर वर ओढून घेतला. वरून सांगितलं, जमीन सोडतो म्हण, मग दोर टाकतो. तो म्हणेना. विहिरीच्या काठावर मालकाची माणसं बसलेली. ही ओरडत आली तर हिला धरून ठेवलं. खाली तो कंबरभर चिखलात. रात्र गेली, दुसरा दिवस उतरणीला लागला, तेव्हा खालून "सोडली" असा शब्द आला. मग दोर टाकला. वर आल्यावर पंचांसमोर त्यानं मान हलवली. झाली आपखुशी. त्यानंतर तो आजवर बोललेला नाही. ना हिच्याशी, ना पोरांशी. घरात बसून असतो. "म्हनून मी आले," त्या म्हणाल्या. "त्येंला बोलता आलं असतं तर मी कशापायी यीन?"

मालक कोण, हे मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं, त्या गावात जमीन कुणाची. तरी त्यांनी सांगितलंच. बापूसायेब.

झोपाळ्याची कडी मी धरली होती, ती निसटली.

त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमी नाक्यावर गोळीम्होरं हुबं ऱ्हायलाव. मला निस्तं चार सायबांम्होरं हुबं ऱ्हायाचंय. पर भ्या वाटतंय बगा."

आणि मी, काय म्हणालो असेन? छाती पुढे काढून म्हणालो, "कौसाबाई, मी आहे ना!"

बायको दारात उभी होती. तिनं माझ्याकडं असं पाहिलं — नव्या नवरीनं पाहावं तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यातच बापूसाहेब भेटले. जमीनदारांच्या बाजूनं त्यांचीही साक्ष होती. पांढरं धोतर, काळा कोट, हातात चांदीचा पानाचा डबा. मला त्यांनी स्वतःच्या हातानं विडा करून दिला.

"काय मास्तर, नाक्याची गोष्ट ऐकली परवा. रंगत वाढतच चाललीय हो तुमची. मागल्या खेपेला दरोगा एकच होता, आता चार झाले."

मी हसलो. त्यांनी स्वतःच्या पानाला चुना लावता लावता सहज म्हटलं, "आमचं बळद आता रिकामंच असतं. उंदीर तेवढे आहेत. तुमची आठवण काढतात."

आणि खांद्यावर थोपटून आत गेले. एवढंच. यात धमकी कुठं आहे, सांगा. कोर्टात उभं केलंत तर कुठल्या शब्दावर बोट ठेवाल?

पण मला पुढचं सगळं दिसलं. कौसाबाईंची साक्ष मी जशीच्या तशी पोचवली की बापूसाहेब कुठल्यातरी पारावर, असंच पान लावत, ती बळदाची गोष्ट सांगणार. गोष्ट तेही बरी सांगतात. लोक हसणार. मी दरोग्याचा आवाज काढला की मागून कुणी कुत्र्यासारखं भुंकणार. शाळेतली पोरं भुंकणार. विधानसभेत मी उभा राहिलो की विरोधी बाकांवरून उंदराची चूंचूं ऐकू येणार. मारतील, पोटावर पाय देतील, तिकीट कापतील — यातलं काही माझ्या मनात नव्हतं. माझ्यावर हसतील. मी हसवलेली माणसं माझ्यावर हसतील. हे मला मरणापेक्षा भयंकर वाटलं. तुम्हाला क्षुल्लक वाटेल. मलाही लिहिताना क्षुल्लकच दिसतंय. पण विडा मी न चावताच गिळला होता, हे खरं आहे.

त्यात दुसरा मराठी सभासद तापानं घरी पडलेला. खोलीत मराठी समजणारी माणसं तीन — मी, कौसाबाई, आणि मागच्या खुर्चीवर मांडीवर डबा घेऊन बसलेले बापूसाहेब. भावाला शिपायानं बाहेर बसवलं होतं.

सदरसाहेबांनी कौसाबाईंना बसायला सांगितलं. त्या उभ्याच राहिल्या. मग ते मला म्हणाले, "मास्टरसाब, जरा इनसे पूछिये, जमीन अपनी खुशी से छोडी या नहीं?"

मी विचारलं. आणि त्या बोलल्या. मला वाटलं होतं अडखळतील, रडतील. नाही. आदल्या दिवशीपेक्षा नीट बोलल्या. माझ्याकडं बघून, एकेक शब्द सुटा करून, म्हणजे मला तर्जुमा करायला सोपं जावं.

"आमचं मानूस हिरीत गाळ काढाया उतरलं व्हतं. बापूसायबानं दोर वर वढाया लावला. त्यो हिकडं मागं बसलाय, त्यानंच. म्हनला, सोडली म्हन, तव्हाच दोर टाकतू."

मला कळलं नव्हतं, असं म्हणू का? त्या खोलीत जर कुणाला ती विहीर कळली असेल तर ती मला. खालून वर बघणं म्हणजे काय, वरच्या माणसाच्या हातात दोर असणं म्हणजे काय — तिथं बसलेल्या एकाही शेरवानीला, एकाही कोटाला ते ठाऊक नव्हतं. मला होतं. माझ्या नाकात जोंधळ्याचा वास आला.

मागं डब्याचं झाकण मिटल्याचा आवाज झाला. टक्.

आणि मी उठून उभा राहिलो — तर्जुमा बसूनही करता येतो, पण मी उठलो — आणि माझा तो आवाज लावला, ज्याला सगळे ओळखत होते. सदरसाहेबांच्या चेहऱ्यावर आधीच हसू यायला लागलं. मी म्हणालो, "हुजूर, खातून फर्माती हैं के गर्मी के दिन थे. इनके मियाँ बावडी में उतरे कीचड निकालने. अंदर ठंडक ऐसी, ठंडक ऐसी, के ऊपर आने को दिलच नहीं किया! मालिक ऊपर से पुकारे, अरे बाबा, बाहर आ, खेत कौन देखेगा? तो नीचे से आवाज आई..." इथं मी नाक दाबलं, मान वर केली, विहिरीतून घुमल्यासारखा आवाज काढला, "खेत आप रख लो सरकार, मेरेकू तो येइच अच्छा है!"

म्हणजे — उन्हाळ्यात गडी विहिरीत उतरला, गारव्याला लोभावला, आणि वर यावं लागू नये म्हणून जमीन सोडून मोकळा झाला. आपखुशीनं.

खोली फुटली. कानडी भागातले एक गंभीर गृहस्थ होते, ते टेबलावर डोकं ठेवून हसले. लघुलेखकाची लेखणी थांबली. सदरसाहेबांनी रुमालानं डोळे टिपले आणि म्हणाले, "तो खुशी से ही छोडी!" लेखणी पुन्हा चालू झाली. ते वाक्य दप्तरी गेलं.

एक माणूस हसला नाही. बापूसाहेब. त्यांनी नुसती मान डोलावली. पाढे न चुकता म्हणणाऱ्या पोराकडे बघून मी वर्गात डोलवायचो, तशी.

आणि आता ते सांगतो, जे सांगायला मला एवढा वेळ लागला. भ्यालो, हे सांगणं तसं सोपं आहे, भित्र्याची कुणालाही दया येते. पण तो हशा झाला ना, छतापर्यंत गेला ना, तेव्हा मला आनंद झाला. किस्सा जमला, याचा आनंद. जागच्या जागी रचलेला, कच्चा, तरी जमला! नाक दाबायची युक्ती तर ऐन वेळी सुचलेली. क्षणभर भीती कुठच्या कुठे पळाली, आणि मी — तुम्ही विश्वास ठेवाल? — मी किंचित वाकून दाद घेतली. त्या बाईच्या शेजारी उभा राहून.

कौसाबाईंना उर्दू येत नव्हती. पण नाक दाबून वर बघणारा माणूस कशाची नक्कल करतोय, हे समजायला उर्दू कशाला लागते? त्यांना एवढं दिसलं की आपण विहिरीचं सांगितलं, मास्तरांनी ते जसंच्या तसं, हुबेहूब करून दाखवलं, आणि साहेब लोक हसले. मी बदललं असेल, हे त्यांच्या मनात आलंच नाही. कसं येईल? मी नाक्यावरचा माणूस.

त्यानंतरही त्या बोलल्या. सगळं बोलल्या — रात्र, चिखल, काठावर बसलेली माणसं, नवऱ्याचं गप्प होणं. सदरसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "खातून आप सबका शुक्रिया अदा कर रही हैं." त्या वृद्ध गृहस्थानं उभं राहून, छातीवर हात ठेवून, कौसाबाईंना आदाब केला. त्यांनीही हात जोडले.

दुपारी सभासदांनी मला आबिड्सच्या बाजारात नेऊन चहा पाजला. बावडीचा किस्सा मला परत सांगायला लावला, आणि मी सांगितला. सुधारून. त्याच वेळी कौसाबाई आणि त्यांचा भाऊ नामपल्लीच्या फलाटावर गाडीची वाट बघत बसले असणार. त्या घरी आल्या नाहीत. बायकोनं वाटेसाठी धपाटे बांधून ठेवले होते, ते रात्री आम्ही खाल्ले. तिनं विचारलं, "बोलल्या का नीट?" मी म्हणालो, "फार छान बोलल्या." तेवढं मात्र खरं होतं.

जमीन परत मिळाली नाही. समितीच्या अहवालात आमच्या भागातल्या तक्रारी निराधार ठरल्या. बापूसाहेबांनी बळदाची गोष्ट कुणाला सांगितली नाही, मरेपर्यंत नाही. शब्दाचे पक्के. मराठी मुलूख वेगळा झाला तेव्हा सगळे परतले आणि मी राहिलो, कारण त्या बाजूच्या कुठल्याही स्टेशनावर, कुठल्याही बाजारात, ती बाई मला दिसू शकते. शिव्या देईल म्हणून नाही हो. नमस्कार करील म्हणून. अजून तिला वाटत असेल, मास्तरांनी आपलं सांगितलं, साहेबांनाच दया नव्हती. बायको अधूनमधून विचारते, कौसाबाईंचं पुढं काय झालं हो? मी विषय बदलतो. एखादा किस्सा सांगतो. ती हसते.

एक राहिलं. त्या खोलीतलं, हशा आणि आदाब यांच्या मधलं. ते मी सारखं पुढं ढकलतो आहे.

हशा ओसरत आला होता. कुणी खोकत होतं, कुणी पाण्याचा पेला उचलत होतं. मी अजून दाद घेण्यासाठी वाकलेलाच होतो. कौसाबाईंनी एकदा सगळ्यांच्या तोंडाकडं पाहिलं, मग माझ्याकडं वळल्या. रागानं नाही. पाहुण्यांचं जेवण आटोपायची वाट बघणारी बाई बोलते तितक्या हळू आवाजात, पण सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं, त्या म्हणाल्या —

"हसून झालं असंल तर म्होरलं सांगू का?"